सहीपूर्वीचे दोन प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मजसारख्या मॅट्रिक झालेल्या शाळामास्तराने वैद्यकावर बोलणे हा अव्यापारेषु व्यापार होय. परंतु गतवर्षी आमच्या घरी घडले ते आपणांस सांगावे, असा चिटणिसांचा आग्रह पडला आणि सूनबाईंनीही संमती दिली. विषय नाजूक आहे. मात्र नाजूक म्हणून आपण तो झाकून ठेवतो, आणि अर्धे नुकसान तेथेच होते.

सूनबाईंचे वय ३८. सहा महिने मासिक स्राव अतोनात होई. जिना चढताना धाप लागे. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, लहानशी गाठ दाखविली आणि सांगितले, "पिशवी काढून टाका. दोन मुले झाली, आता तिचा उपयोग काय? पुढेमागे कर्करोग झाला तर?" सोमवारचा दिवसही ठरला. त्या एका शब्दाने घरातील सर्वांची वाचा बसली. चिरंजीव सहीस तयार झाले.

मला रात्रभर झोप नाही. जन्मभर मुलांना सांगत आलो की नुसते उत्तर नको, रीत दाखवा. येथे उत्तर होते. रीत कोठे होती?

सकाळी जाऊन नम्रपणे दोनच प्रश्न विचारले. रक्त इतके का जाते, याचे कारण शोधले आहे काय? आणि कर्करोगाची शंका असेल, तर ती आधी तपासून पाहता येते काय? डॉक्टर रागावले. "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा," म्हणाले. मी कागदांच्या प्रती मागून घेतल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी रक्त तपासले, थायरॉइड पाहिले, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासावयास पाठविला. हिमोग्लोबिन ८ च्याही खाली. अशा स्थितीत शस्त्रक्रियाच धोक्याची. तुकड्यात कर्करोग नव्हता. गाठ गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगास होती, तिच्यामुळे एवढा स्राव होण्याचा संभव थोडा. थायरॉइड मात्र मंदावलेले निघाले, आणि त्यानेही स्राव वाढतो! गोळ्या व लोह सुरू झाले. चार महिन्यांत सूनबाई पूर्ववत कामास लागल्या.

हे आमच्याच घरचे नव्हे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोडणीच्या कामावरील स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. सर्वोच्च न्यायालयाने तर २००८ सालीच निकाल दिला आहे की, तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. प्राणावर बेतले असेल तेवढाच अपवाद.

तो अपवाद ध्यानी ठेवावा. माझ्या एका चुलतबंधूंनी आंत्रपुच्छाच्या दुखण्यात चार ठिकाणी विचारपूस करण्यात तीन दिवस घालविले. आंत्रपुच्छ फुटले, जेमतेम वाचले. म्हणून "हे आज करणे भाग आहे, की थांबता येईल?" हे सर्वांआधी विचारावे.

गाठ अद्याप तशीच आहे. बाईंनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलाविले आहे. ती वाढलेली निघाली तर कदाचित शस्त्रक्रिया करावीही लागेल. तो संमतीचा कोरा कागद मी पंचांगात घडी करून ठेवला आहे. या खेपेस तो सूनबाई स्वतः वाचणार आहेत.