कर्त्याचे नाव

(मंडळाच्या वागळे इस्टेट येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज आपण जेथे जमलो आहोत, त्याच वसाहतीत १ ऑगस्ट १९६२ रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या एका छोट्या समारंभाने महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला. या वसाहतीने आपल्यापैकी कित्येकांच्या चुली पेटत्या ठेवल्या. माझाही संसार येथील एका छापखान्यात चित्रे काढून चालला. म्हणूनच आज मी जे बोलणार आहे, ती प्रथम माझीच कबुली होय.

एका दिवाळीत एका वृत्तपत्राच्या पुरवणीसाठी वारली पद्धतीची चौकट हवी होती. माझ्यापुढे एक पुस्तक ठेवण्यात आले. त्यातील तारपा वाजविणारा व त्याच्याभोवती फेर धरणारी माणसे मी जशीच्या तशी उतरवून दिली. पुरवणी निघाली. तीत संपादकांचे नाव होते, मुद्रकाचे होते, जाहिरातदारांची तर ठळक होती. मूळ चित्रकाराचे मात्र नव्हते. पुस्तकात ते छापलेले होते, मी ते वाचलेही होते. मला कोणी विचारले नाही आणि मी होऊन सांगितले नाही.

अशा वेळी वृत्तपत्रांचे उत्तर ठरलेले असते: ‘ही लोककला, ती सर्वांचीच!’ हे अर्धसत्य आहे. लग्नघरी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची परंपरा संबंध वारली समाजाची, हे खरे. तथापि एखादे विशिष्ट चित्र कोणा एका हातातून उतरते. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तो चौक भिंतीवरून कागदावर आणला आणि त्यात शेताचे, जाळ्याचे, मुंग्यांचे स्वतःचे जग उभे केले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. डहाणू २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. एवढ्या जवळच्या माणसाची कला आपण भिंतीभिंतीवर पाहतो. पण त्यांचे नाव किती घरांत ठाऊक आहे?

कायदा या बाबतीत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या ५७ व्या कलमान्वये, हक्क विकून टाकल्यावरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो. वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु ते कलेच्या नावाचे रक्षण करते, चित्रकाराच्या नावाचे नव्हे. ते काम छापणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवरच राहते. मोबदला देण्यास पैसा लागतो. नाव देण्यास एक ओळ पुरते. ती ओळही जे देत नाहीत, त्यांच्या लेखी कलावंत म्हणजे केवळ कच्चा माल.

बंधुभगिनींनो, वृत्तपत्रांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर रचलेल्या ओव्या आपण ‘पारंपरिक’ म्हणून छापतो. त्या रचणारीचे नाव घरात कोणाला आठवते का, याची चौकशीही करीत नाही. माझी नम्र विनंती एवढीच, की या स्मरणिकेपासून आरंभ व्हावा. बालकाने काढलेले चित्र असो वा आजीची ओवी, खाली कर्त्याचे नाव असावे. आपल्या माणसांचा मान आपण राखला, तर परक्यांकडे तो मागण्याचा अधिकार आपल्याला राहील.

मी ती पुरवणी अजून जपून ठेवली आहे. मोकळ्या राहिलेल्या जागी जिव्या सोमा मशे हे नाव मी स्वहस्ते लिहिले आहे. फार उशीर झाला, पण लिहिले.