बस कुठे आहे आणि कधी येईल



मुंबईत बेस्टची बस मोबाइल अॅपवर सरकताना दिसते. इतर शहरांतही अशी सोय आहे. तरी कुठल्याही शहरात 'चार मिनिटे' दाखवलेली बस कधी दहा मिनिटांनी येते. असे का, तेवढेच सांगतो.

बसमधले यंत्र सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश टिपते. ते यायला किती वेळ लागला यावरून स्वतःचे ठिकाण काढते आणि सिमकार्डामार्फत दर काही सेकंदांनी मध्यवर्ती संगणकाला कळवते. २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या बसगाड्यांना केंद्राच्या नियमानुसार असे यंत्र लागते.

म्हणजे 'बस कुठे आहे' हे मोजलेले असते. 'कधी येईल' हा अंदाज. संगणक आपले शाळेतले काळ-काम-वेगाचेच गणित करतो: अंतर किती उरले आणि आधीच्या बसना तेवढ्याला किती वेळ लागला. पुढे तुंबलेले पाणी किंवा निघालेली मिरवणूक त्याला आधी कळत नाही.

तरीही रात्री थांब्यावर एकट्या उभ्या बाईला शेवटची बस गेली की यायची आहे, हे कळणे मोलाचे आहे. पण आज ते बहुतेकदा स्मार्टफोन असणाऱ्यालाच कळते. माहिती तयार आहे; ती थांब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत दिसावी, अशी मागणी आपण प्रत्येकाने आपल्या शहराच्या परिवहन सेवेकडे लेखी करावी, एवढी विनंती.