अन्ननलिकेचा कर्करोग पसरतो कसा?

श्रोतेहो, घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नळी म्हणजे आपली अन्ननलिका. हिचा कर्करोग एका जागी राहिला, तर त्याच्याशी झुंजणे पुष्कळ सोपे. तो जीवघेणा ठरतो, तो मुख्यतः पसरतो म्हणून. हे पसरणे घडते कसे, ते आज पाहू.

आपल्या पेशींत सुमारे २० हजार जनुके असतात. जनुक म्हणजे अमुक प्रथिन कसे बनवावे याची लेखी आज्ञाच म्हणा ना! पूर्वी चावडीत साऱ्या गावाचे दप्तर असे. पण तलाठी कामापुरताच रुमाल सोडी, बाकीचे बांधलेले राहत. पेशीचेही तसेच. कोणती आज्ञा वाचली जाते आणि कोणती नाही, याला शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

अन्ननलिकेच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. विहिरीच्या दगडांत जसा चुना, तसे त्यांच्यामध्ये ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते. कर्करोगाच्या पेशींत पुष्कळदा नेमका हाच रुमाल बांधून ठेवला जातो. कागद फाटलेलाच असतो असे नाही, बरं का. तो नुसता वाचला जात नाही. स्नेल नावाचे जनुक जागे झाले, की त्याचे प्रथिन ही वाचनबंदी करते. चुना गेला की दगड सुटणारच!

त्याच वेळी दुसरे रुमाल सुटतात. एकातून भोवतालची ऊती विरघळविणारी विकरे तयार होतात. दुसऱ्यातून नव्या लसिकावाहिन्या फुटाव्यात असा निरोप जातो. सुटी पेशी या वाटेने लसिकाग्रंथी गाठते. ई-कॅडहेरिन घटलेल्या गाठी तेथवर अधिक वेळा पोचलेल्या आढळतात, त्या यामुळेच.

त्यात अन्ननलिकेची रचनाही रोगाच्या पथ्यावर पडते. जठराला बाहेरून जे पातळ आवरण असते, ते हिच्या बहुतेक भागाला नसते. जणू बिनकुंपणाचे शेत! शिवाय नळी लवचिक असल्याने ती बरीच अरुंद होईपर्यंत घास अडकत नाही. म्हणजे त्रास जाणवण्याआधीच पेशी बाहेर पडलेल्या असू शकतात.

म्हणून, मंडळी, पहिली खूण ओळखा. घरातले आजोबा भाकरी आमटीत कुस्करूनच खाऊ लागले, घासागणिक पाणी पिऊ लागले, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. आधी भाकरी अडते, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. दुर्बिणीने तपासणी करून तुकडा काढता येतो, आणि निदान होते.

तंबाखू, सुपारी आणि दारू ही या रोगाची सिद्ध झालेली कारणे आहेत. अतिशय कढत पेयेही संशयित आहेत. गुरुजनहो, हे मुलांना सांगा. पेशीतला रुमाल आपल्या हाती नाही; पण तंबाखूची चंची उघडायची की नाही, हे मात्र आपल्याच हाती आहे.