हौसेची मोटार आणि चार महिन्यांचा चिखल



हौसेनें घेतलेली आणि जिवापाड जपलेली वस्तु वापरावी कीं झांकून ठेवावी, हा वाद आपल्या घराघरांत निघतो. पैठणीबद्दल निघतो, चांदीच्या ताटाबद्दल निघतो. आज मी तो मोटारीबद्दल काढणार आहें. पैठणी पेटींत असली तरी ती पैठणीच असते; पण मोटार ही अशी वस्तु आहे कीं, घराबाहेर पडल्यावांचून तिचा उपयोगच नाहीं, आणि बाहेर पडली कीं तिची झीज सुरू झालीच.

थंड देशांत या वादाला एक ठराविक ऋतु आहे. कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत हिवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ जमतो आणि तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. साधें पाणी शून्य अंशावर गोठतें. मिठाचें पाणी गोठण्यास त्याहून अधिक थंडी लागते. एवढ्या एका गुणाच्या आधारानें तेथील हिवाळ्यांतील वाहतूक चालते. आपल्याकडील जे तरुण टोरांटो किंवा शिकागोकडे नोकरीस गेले आहेत, त्यांच्यापैकीं ज्याला दोन आसनांची वेगवान मोटार बाळगण्याची हौस असेल, त्याच्यापुढें दर हिवाळ्यांत पेच उभा राहतो: या मिठांतून ती काढावी, कीं वसंत येईपर्यंत कोठडींत ठेवावी?

या भीतीला आधार आहे. लोखंड गंजण्यास पाणी आणि हवेंतील प्राणवायु एवढे दोन पदार्थ पुरतात. मग मीठ अधिक काय करतें? गंजणें ही विजेच्या घटासारखी क्रिया आहे. पत्र्याच्या एका ठिकाणीं लोखंड विरघळतें, दुसऱ्या ठिकाणीं प्राणवायूचा व्यय होतो, आणि या दोहोंमधील देवघेव ओलाव्यांतून चालते. मिठाच्या पाण्यांतून वीज सहज वाहते; म्हणून ही देवघेव जलद होते. शिवाय मीठ हवेंतील ओल ओढून घेतें. पत्रा वाळलासा दिसतो, पण सांध्यांत तो ओलाच असतो.

आतां आपण म्हणाल, नांदेड-लातूरकडे बर्फ कोठला आणि रस्त्यावर मीठ कोठलें? खरें आहे. परंतु आपल्यापाशीं काळी माती आहे. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यांतील चिकण कण इतके बारीक आहेत कीं, उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसानें ती फुगून लोण्यासारखी मऊ होते. कपाशीला व सोयाबीनला हीच माती फळते, कारण पाऊस उघडल्यावरहि ती ओल धरून ठेवते. जो गुण शेताला वरदान, तोच मोटारीला शाप! मडगार्डच्या आंत, दाराखालच्या पोकळींत, पत्र्याच्या दुमडींत या मातीचा लेप बसला, म्हणजे आठ-आठ दिवस तेथें ओली पट्टी बांधल्यासारखें होतें. मीठ गंजाला वेग देतें. काळी माती गंजाला मुदत देते. परिणामांत फारसा फरक पडत नाहीं.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असा लातूरचा मार्ग आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. मोठा रस्ता चांगला आहे. पण पावसाळ्यांत शेतांतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर चिखल त्यावरहि येतो. आणि मोठा रस्ता सोडून पाणंदीनें एखाद्या मळ्यावर जावयाचें असेल, तर मग विचारावयासच नको. म्हणून पुष्कळ हौशी गृहस्थ मृग लागला कीं मोटारीवर कापड चढवितात, तें दसऱ्याला काढतात.

हा उपाय निर्दोष आहे काय? माझ्या मतें नाहीं. कोठडींत उभी असलेली मोटार म्हातारी होत नाहीं, ही समजूत चुकीची आहे. बॅटरी हळूहळू उतरते. टायर एकाच जागीं दाबून बसतात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें. रबराचे पट्टे व वायसर वाळून चिरतात. पावसाळ्यांत उबेसाठीं आंत शिरलेले उंदीर तारा कुरतडतात. पेट्रोलचीहि गोष्ट तशीच. २०२५ सालापर्यंत आपल्या देशांतील पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें. उसापासूनहि होणारा हा पदार्थ ओल ओढणारा आहे, आणि जुन्या मोटारींतील रबरी नळ्या त्याच्यासाठीं केलेल्या नाहींत. तसलें पेट्रोल चार महिने टाकींत निजवून ठेवणें म्हणजे शत्रूला घरांत कोंडून बाहेरून कुलूप घालण्यासारखें आहे.

न वापरलेल्या मोटारीचें एक थोर उदाहरण आपल्याच पूर्वीच्या राजधानींत आहे. १९४८ पर्यंत नांदेड व लातूर हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठीं एक पिवळी रोल्स रॉईस विलायतेंत सांगण्यांत आली; आंत सिंहासनासारखें आसन होतें. १९११ सालीं ते वारले आणि मोटार त्यांच्या वांट्यास आलीच नाहीं. पुढें सातव्या निजामांच्या कारकीर्दींत ती समारंभापुरती बाहेर पडे. ती आज हैदराबादेंत चौमहल्ला राजवाड्यांत आहे. लोक ती पाहतात, वाखाणतात. पण तिच्यांत बसून अमक्या गांवीं गेलों होतों, अशी आठवण सांगणारें कोणी नाहीं.

याच्या उलट दुसरें उदाहरण मुंबईचें घ्या. फियाट कंपनीच्या नमुन्यावरून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार होणारी मोटार पुढें पद्मिनी या नांवानें घरोघरीं माहीत झाली. काळ्या-पिवळ्या रंगाची तीच मोटार मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं वर्षानुवर्षें चालविली. समुद्राची खारी हवा, तुंबलेले रस्ते, धो धो पाऊस, सारें तिनें सोसलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या, त्या २० वर्षांची ठरलेली मर्यादा संपल्यामुळें. त्या टिकल्या याचें कारण त्यांना कोणी जपून झांकून ठेवलें हें नव्हे. रोज त्यांच्याकडे कोणाचें तरी लक्ष होतें, हें होय. आवाज बदलला कीं धन्याला कळे. पत्रा फुगला कीं मिस्त्री त्याला ठिगळ लावी.

आपल्या मातींत तर हा धडा फार जुना आहे. देवणी हा बैल लातूरकडचा आणि लाल कंधारी नांदेडकडचा. कुणबी यांच्यावर पोटच्या मुलासारखा जीव लावतो. श्रावणी अमावास्येला पोळा. आदल्या दिवशीं खांदेमळणी होते. ज्या खांद्यावर जूं बसतें, तो खांदा मळून शेकतात. दुसऱ्या दिवशीं शिंगें रंगवितात, अंगावर झूल चढवितात, पुरणाची पोळी खाऊं घालतात. आणि पोळा सरला कीं तोच बैल त्याच चिखलांत कामाला जातो. त्याला गोठ्यांत बांधून पूजणें, हें प्रेमाचें लक्षण कोणी मानीत नाहीं.

मात्र येथें एक आक्षेप कबूल केला पाहिजे. बैलाचा खांदा सोलवटला तर भरून येतो. पत्र्याला पडलेलें भोंक आपोआप बुजत नाहीं. पद्मिनीसारख्या मोटारींत निराळा सांगाडा नसतो, पत्र्याचा पिंजरा हाच तिचा कणा. तो आंतून कुजला तर वरच्या रंगाला काय करावयाचें? म्हणून झीज आणि नाश यांत भेद करावा. टायर, ब्रेक, गाद्या, रंग यांची झीज होते आणि ती भरून काढतां येते. तिची भीति धरूं नये. दाराखालचा पत्रा, तळ, ब्रेकच्या लोखंडी नळ्या यांचा नाश होतो, आणि नळी फुटली तर प्रश्न मोटारीचा न राहतां जिवाचा होतो. जपावयाचें असेल तर तें येथें.

आतां पाण्याचा प्रश्न. चिखल लागला तर धुऊन टाकावा, हें सांगणें सोपें. पण लातूरकरांना पाण्याबद्दल कोणी सहज बोलूं नये. मांजरा धरण आटल्यामुळें २०१६ च्या उन्हाळ्यांत या शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी आली. दहा वाघिणी, सुमारें पांच लाख लिटर पाणी. त्यापूर्वीं मार्चमध्यें पाणी भरण्याच्या ठिकाणीं जमावबंदी करावी लागली होती. ज्या गांवानें असे दिवस पाहिले, तेथें शेजारी घागरीची वाट पाहत असतां हौसेच्या मोटारीवर नळी सोडणें शोभत नाहीं. शिवाय विंधनविहिरीचें पाणी बहुधा जड असतें. भांड्याच्या तळाशीं जो पांढरा थर बसतो, तो क्षारांचा. म्हणजे बर्फाळ देशांत जें मीठ रस्त्यावरून येतें, तसें कांहींसें आपल्याकडे बादलींतून येऊं शकतें.

यावर निसर्गानेंच तोड दिली आहे. चिखल असतो तेव्हांच पाऊस असतो, आणि छपरावरचें पावसाचें पाणी मऊ असतें. पन्हळीखालीं एक पिंप ठेवावें. मोटार परत आल्यावर चिखल सुकण्यापूर्वीं चार बादल्या पाणी खालच्या बाजूनें मारावें. वरच्या रंगाला ओलें फडकें पुरे. दारांच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोकें असतात, तीं काडीनें मोकळीं करावीं. मग ओल्या अंगावर कापड न घालतां तिला वारा लागूं द्यावा. पाऊस लागण्यापूर्वीं मिस्त्रीकडून तळाला गंजरोधक लेप द्यावा. एवढें केलें तर पावसाळा हा शत्रु राहत नाहीं.

या बाबतींत सरकारी नियमांनींहि एक रेघ ओढली आहे. २०२१ च्या जुलैमध्यें निघालेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेली मोटार दुर्मिळ वारसा म्हणून नोंदतां येते. परंतु अशी नोंदलेली मोटार नित्याच्या प्रवासाला वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतीची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणें, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी. तेव्हां आपल्या मोटारीला संग्रहालयाच्या वाटेनें न्यावयाचें कीं घरच्या माणसांत ठेवावयाचें, हें धन्यानें आधींच ठरविलेलें बरें.

माझें मत विचाराल तर असें आहे. पावसाळ्यांत मोटार काढण्यापूर्वीं तीन प्रश्न करावे. रस्ता कोणता? डांबरी किंवा सिमेंटचा असेल तर निघावें. पाणंद असेल तर बस किंवा दुसरें वाहन बरें. परत आल्यावर ती धुण्यास वेळ व पाणी आहे काय? नसेल तर जाऊं नये. आणि तिसरा प्रश्न, जावयाचें कशासाठीं? केवळ मिरविण्यासाठीं असेल तर दसरा फार दूर नाहीं. पण घरांत सत्तरी ओलांडलेले वडील असतील, ज्यांनीं पै-पै सांठवून ती मोटार घेतली, आणि श्रावणांतल्या एखाद्या सकाळीं त्यांना तिच्यांत बसून कंधारला किंवा औशाला जाऊन यावेंसें वाटलें, तर चिखलाचें निमित्त सांगून त्यांना पुढच्या वर्षावर ढकलूं नये. पत्र्याला नवा पत्रा जोडतां येतो. ज्या माणसांमुळें ती वस्तु प्रिय झाली, त्यांचे पावसाळे मात्र मोजकेच असतात.

आपली कांहीं मोटार, शिलाई यंत्र, हार्मोनियम किंवा पैठणी कापडाखालीं पडून असेल, तर निदान या आठवड्यांत तें कापड एकदां बाजूस करून पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.