मातोश्रींचा दूरचित्रवाणी-संच



1986 च्या फेब्रुवारीत पोपमहाराज दुसरे जॉन पॉल भारतात आले, तेव्हा कोपरगावी आमच्या घरी ज्या लहानशा संचावर शेजाऱ्यांनी त्यांचे दर्शन घेतले, तो मी नुकताच दुरुस्त केला. वीज गेली तरी तो 12 व्होल्टांच्या बॅटरीवर चाले! सुकलेले कपॅसिटर बदलताच आक्रसलेले चित्र पडदाभर पसरले. मात्र, मुलांनो, झाकण उघडू नका. बंद संचाच्या पिक्चर ट्यूबमध्येही हजारो व्होल्टांची वीज साचून राहते.

दूरदर्शनची बहुतेक भू-प्रक्षेपण केंद्रे 2022 पर्यंत बंद झाल्याने पडद्यावर नुसते ठिपके नाचत. म्हणून मॉड्युलेटर जोडला आहे. अंथरुणास खिळलेल्या मातोश्रींना ज्युबिलीचा मिस्सा त्याच पडद्यावर पाहावयाचा आहे.