गव्हाच्या मुलखात गहू वर्ज्य
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, डिप्लोमा केलेला रेल्वेचा इंजिनियर आहे. तरी सिलिअ‍ॅक या आजाराविषयी बोलायला मला उभे केले आहे, कारण माझी मुलगी २०१५ पासून हे पथ्य सांभाळते आहे.

गहू, जव आणि राय नावाचे परदेशी धान्य यांत ग्लूटेन हे प्रथिन असते. कणकेला चिकटपणा येतो तो त्याचाच. काहींच्या पोटात ते गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतले अस्तर झिजून सपाट होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. त्यांचा प्रबंध १९५० सालचा. ग्लूटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार आजही आहे. उत्तर भारतात साधारण १०० माणसांत एकाला हा आजार असतो, दक्षिणेत बराच कमी. आपण इथे कोट्यात, म्हणजे ऐन गव्हाच्या मुलखात राहतो.

मुलगी तेव्हा आठ वर्षांची. हिमोग्लोबिन ७ च्या वर जाईना, उंची थांबलेली. लोहाची औषधे झाली, जंतांची झाली, दृष्टही काढून झाली. अखेर एका डॉक्टरांनी टीटीजी ही रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. कुणाला शंका असेल तर तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही अहवालात तो दिसत नाही. सख्ख्या नात्यातल्यांनीही तपासून घ्यावे. आम्ही सर्वांनी घेतले.

पोळीचे फारसे अडले नाही. आमच्या आईने भाकरीचा तवा पुन्हा चुलाण्यावर चढवला. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा सगळे चालते, त्यामुळे रोज एकादशी म्हणून मुलगी खूशच होती! त्रास लपलेल्या गव्हाचा. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की ती वाया, म्हणून घरघंटी घेतली. हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचे पीठ असते. भाजणीत गहू. पुऱ्या तळलेल्या तेलातला पापडही चालत नाही. पत्नीने घरात एकच स्वयंपाक ठेवला. धाकट्याला पोळी हवी तर ती मित्राकडे. "तिच्यामुळे आपल्याला" हे शब्द मात्र घरात कुणी काढायचे नाहीत.

खरे कठीण गेले ते आपल्या आग्रहाचे. "एवढ्याशा शिऱ्याने काय होतंय? बाप्पाचा प्रसाद आहे." म्हणणारे मायेनेच म्हणतात. पण नको म्हणणारी पोर उद्धट ठरते. ती प्रसाद हातावर घ्यायची आणि कुणाचे लक्ष नाही असे पाहून रुमालात बांधायची. २०१८ साली तिने उत्सवाला येणेच सोडले. वाढदिवस, हळदीकुंकू, सगळेच. आजारापेक्षा हे मला जास्त लागले.

वर्कशॉपमधल्यांना समजेल असे सांगतो. लाइन ब्लॉक घेतल्याशिवाय आपण रुळाला हात लावत नाही. "दोनच मिनिटांचे काम आहे" ही सबब तिथे चालत नाही. चिमूटभर रव्याचेही तसेच. लगेच पोट दुखेलच असे नाही, पण आत अस्तर पुन्हा झिजते.

पुढच्या वर्षी शेजारच्या काकू घरी आल्या. काय चालते, काय नाही, एवढेच त्यांनी विचारले. मग आमच्याच पातेल्यात, आमच्याच पिठीचे उकडीचे मोदक केले. मुलगी आरतीला आली. (इथे सगळीकडे तळणीचेच मोदक होतात, त्यामुळे उकडीच्यांवर बाकीचेही तुटून पडले, तो भाग वेगळा.)

या सभागृहात तीनशे माणसे आहेत. हिशेब ढोबळ आहे, पण आणखी दोघे-तिघे असतील, आणि कदाचित त्यांना स्वतःलाही ठाऊक नसेल. बरीच वर्षे न हटणारा अशक्तपणा किंवा पोटाच्या तक्रारी असतील तर डॉक्टरांना टीटीजीबद्दल विचारा.

कार्यकारिणीने यंदा माझी विनंती मान्य केली आहे. उकडीचे मोदक, वरण-भात आणि खड्याच्या हिंगाची भाजी डावीकडच्या टेबलावर असेल. तिथल्या पळ्या कृपया पुरीच्या टेबलाकडे नेऊ नयेत. वाढायला माझी मुलगीच उभी आहे.