घोड-भीमेच्या काठचे व्यवहारगणित



मराठी माणूस गणिताला भितो, असे वारंवार बोलले जाते. मात्र त्याच माणसाच्या तोंडी अंक सतत खेळत असतात. काम मनासारखे झाले की ते 'सोळा आणे' होते, बिघडले की त्याचे 'तीन तेरा' वाजतात आणि बेत फसला की 'गणित चुकले' असे तो म्हणतो. दोन पिढ्यांपूर्वीच्या शाळांतून मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी घोकीत असत. त्या पाढ्यांवर वाढलेला माणूस बाजारात सव्वातीन शेरांचा भाव मनातल्या मनात काढी आणि दुकानदाराच्या आधी उत्तर देई. गणित ही तेव्हा परीक्षेतील आपत्ती नव्हती, रोजच्या व्यवहारातील सोबत होती.

आपल्या परंपरेने तर गणिताला नावच 'व्यवहार' असे दिले. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'लीलावती'त मिश्रव्यवहार आहे, क्षेत्रव्यवहार आहे, खातव्यवहार, राशिव्यवहार आणि छायाव्यवहारही आहे. मुद्दल आणि व्याज, शेताचे क्षेत्रफळ, खणलेल्या खड्ड्याचे घनफळ, खळ्यावरील धान्याच्या राशीचे माप, लाकूड कापण्याची मजुरी हे त्या ग्रंथाचे विषय आहेत. पुढे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याची साक्ष देणारा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

शिवछत्रपतींच्या राज्यात अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली, तेव्हा पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर असे माप ठरले. सारा ठरवताना रयतेवर अन्याय होऊ नये, तर आधी माप निश्चित हवे, हे त्यामागील सूत्र होते. ज्याला माप कळते, त्याला सहसा फसवता येत नाही. आजच्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे, आणि तो पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या उदाहरणांवरून पाहायचा आहे.

सरासरी काय लपवते?

एक जुनी लोककथा आहे. एका हिशेबी गृहस्थाने नदीची खोली ठिकठिकाणी मोजली, सरासरी काढली, घरच्या माणसांच्या उंचीची सरासरी काढली आणि सगळ्यांना पाण्यात उतरवले. हिशेब बरोबर होता, तरी कुटुंब बुडाले.

पुणे जिल्ह्याच्या पावसाची सरासरी ही अशीच नदी आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड पर्जन्यछायेत आहेत. तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला, तर वर्ष बरे गेले म्हणायचे. जिल्ह्याची सरासरी गाठली म्हणून शिरूरच्या पूर्वेकडील गावांतील विहिरी भरत नाहीत. म्हणूनच 'सरासरी इतका पाऊस झाला' ही बातमी वाचताच सुजाण नागरिकाने विचारले पाहिजे : कोणत्या गावांची सरासरी, आणि किती दिवसांत पडलेल्या पावसाची? चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत पडला, तरी सरासरी बदलत नाही. पीक मात्र जाते.

थेंबांचा ताळेबंद

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ते पाणी बरोबर एक लिटर भरते. एकराचे क्षेत्र सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे पाचशे मिलिमीटर पावसात एका एकरावर सुमारे २० लाख लिटर पाणी पडते. हा आकडा मोठा वाटतो. आता उसाचा हिशेब मांडावा. पाटपाण्याने घेतलेल्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका एकराला सुमारे ८० लाख लिटर हवेत. याचा अर्थ, एक एकर ऊस चार एकरांवर पडणारा सगळा पाऊस पितो. उरलेल्या तीन एकरांचे पाणी कुठून तरी आणावे लागते. ते धरणातून येते, नाहीतर जमिनीच्या पोटातून.

धरणांच्या बातम्यांत 'टीएमसी' हा शब्द रोज येतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. एवढ्या पाण्यात पाटपाण्यावरील साडेतीन हजार एकर ऊस वर्षभर भिजतो. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर तेवढ्याच पाण्यात पावणेसहा लाख माणसांची वर्षभराची गरज भागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची उपयुक्त साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. त्याच पाण्यावर पुणे शहर विसंबलेले आहे आणि दौंड-इंदापूरची शेतीही. शहर विरुद्ध गाव अशी आरोळी ठोकणे सोपे असते. दोन्ही पक्षांनी आपापला वापर लिटरांत मांडला, तर भांडणाचे रूपांतर वाटाघाटीत होऊ शकते.

ठिबक सिंचनाविषयीही एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ठिबकने ४० टक्के पाणी वाचले, तर तेवढ्याच पाण्यात क्षेत्र ४० टक्क्यांनी वाढते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात शंभराच्या जागी साठ लागले, म्हणजे पूर्वीच्या शंभरांत आता १६७ भागतात. वाढ ६७ टक्क्यांची झाली. मात्र ती सगळी वाढ नव्या उसातच गेली, तर नदीत किंवा विहिरीत एक थेंबही उरत नाही. वाचलेले पाणी आणि उरलेले पाणी या दोन वेगळ्या राशी आहेत.

खडकवासल्याचा नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर लांबीचा आहे. समजा, दर वीस किलोमीटरला पाण्याची पाच टक्के गळती होते. दहा टप्प्यांनंतर किती उरेल? घाईत उत्तर येते, निम्मे. परंतु प्रत्येक वेळी गळती उरलेल्या पाण्याची होते, म्हणून शेवटी सुमारे ६० टक्के पोहोचते. मुखाशी सोडलेल्या शंभर घागरींतून टेलच्या शेतकऱ्यापर्यंत साठच पोहोचणार असतील, तर त्याची तक्रार ही कुरकूर नसून अंकगणित आहे, हे साऱ्यांनी समजून घ्यायला हवे.

शेकडा तीन रुपये

खासगी कर्जाचा व्यवहार गावात एका वाक्यात होतो : 'शेकडा तीन रुपये.' ऐकताना तीन हा आकडा लहान भासतो. तो महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. व्याज थकून मुद्दलात मिसळत गेले, तर वर्षाला ते ४२ टक्क्यांहून अधिक होते. येथे ७२ चा नियम उपयोगी पडतो. ७२ ला व्याजाच्या दराने भागले, की रक्कम दुप्पट होण्याचा काळ मिळतो. दरमहा तीन टक्के म्हणजे २४ महिने. पाच वर्षांत एक लाखाचे पावणेसहा लाखांहून अधिक होतात. वेळेत फेडलेले तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज केंद्राच्या सवलतीनंतर वर्षाला चार टक्क्यांनी पडते. हे दोन दर शेजारी शेजारी मांडून दाखवणे हे एखाद्या कुटुंबाची जमीन वाचवण्याचे काम ठरू शकते.

हप्त्यांच्या कर्जातही एक मेख असते. एक लाख रुपये, १२ टक्के 'सरळ' व्याज, बारा समान हप्ते. व्याज पूर्ण लाखावर पूर्ण वर्षाचे लावले जाते. मुद्दल मात्र दर महिन्याला फिटत असते. त्यामुळे वर्षभरात कर्जदाराच्या हाती सरासरीने निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम राहते. खरा दर निघतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. कागदावर एक अक्षरही खोटे नसते, तरी माणूस फसतो.

रांजणगावची औद्योगिक वसाहत आली आणि शिरूर तालुक्याचे रूप पालटले. जमिनी गेल्या, हाती पैसा आला. पैसा आला की 'दीड वर्षात दुप्पट' सांगणारेही येतात. तोच ७२ चा नियम वापरावा. १८ महिन्यांत दुप्पट म्हणजे महिन्याला चार टक्के, वर्षाला ६० टक्के. कोणता सचोटीचा धंदा दरवर्षी इतका नफा वाटतो? साखळी योजनांचे गणित तर याहून उघडे आहे. एकाने दोघांना आणायचे, दोघांनी चौघांना. दहाव्या पायरीवर १,०२४ माणसे लागतात, विसाव्यावर साडेदहा लाख आणि सत्ताविसाव्यावर १३ कोटी ४२ लाख. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. अशी योजना कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, तर आकड्यांच्या स्वभावामुळेच कोसळते. शेवटी आलेल्यांची पुंजी तिच्याबरोबर बुडते, आणि शेवटी येणाऱ्यांत गरीबच अधिक असतात.

दशांशचिन्हाची किंमत

उसाच्या उताऱ्याचेही तसेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्यापुढे उताऱ्यातील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जोडले. कारखान्याचा उतारा ११ ऐवजी १०.५ नोंदला गेला, तर टनामागे १७३ रुपयांचा फरक पडतो. एकरी ४० टन ऊस घालणाऱ्याला तो सुमारे सात हजारांचा पडतो. अर्धा टक्का म्हणजे काही नाही, असे समजून वार्षिक सभेत गप्प बसणाऱ्या सभासदाने हा हिशेब करून पाहावा.

शितावरून भाताची परीक्षा

पिकाचा अंदाज कसा बांधतात? सगळी शेते कापून पाहणे शक्य नसते. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या प्रश्नावर मूलगामी काम केले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले आणि देशातील पीक कापणी प्रयोगांना त्यांनी नमुनाशास्त्राचा भक्कम पाया दिला. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. त्यांच्या शास्त्राचे सार मराठी आजीने आधीच सांगून ठेवले आहे : शितावरून भाताची परीक्षा.

अट एकच. शीत कोणते उचलायचे, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले पाहिजे. रस्त्याकडेचे, विहिरीलगतचे हिरवेगार शेत सोयीचे म्हणून निवडले, तर गावाचे उत्पादन कागदावर फुगते. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते. म्हणजे चुकीच्या निवडीचा भुर्दंड साऱ्या मंडळातील शेतकऱ्यांना बसतो. शेताची निवड यादृच्छिक झाली का, एवढे पाहण्यास कोणतीही पदवी लागत नाही. प्रयोगाच्या वेळी गावातील चार जाणती माणसे बांधावर उभी राहिली, तरी पुष्कळ काम होईल.

चार प्रश्न

सामान्य माणसाने गणिती व्हावे, अशी अपेक्षा नाही. त्याने चार प्रश्न विचारायला शिकावे. हा आकडा कशाच्या प्रमाणात? ही सरासरी कोणाकोणाची? ही वाढ किती काळात, आणि ती मुद्दलावर की वाढलेल्या रकमेवर? हा नमुना कोणी, कसा निवडला? ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत, कारखान्याच्या वार्षिक सभेत हे प्रश्न विचारले जाऊ लागले, तर उत्तरे देणाऱ्यांनाही तयारी करून यावे लागेल.

यासाठी मोठा खर्चही लागत नाही. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा, मुलांनी रोज नोंद करावी आणि आपल्या गावावर किती लिटर पाणी पडले ते फळ्यावर लिहावे. गावातील विहिरींची पातळी महिन्यातून एकदा दोरीने मोजावी. सातवीच्या वर्गाला व्याजाचे उदाहरण पुस्तकातून देण्यापूर्वी गावात चालणाऱ्या दरांवरून द्यावे. ते उदाहरण सोडवणारी मुलगी संध्याकाळी घरी जाऊन वडिलांसमोर वही उघडील. सही करण्यापूर्वी त्या वडिलांनी वहीतला आकडा एकदा नीट पाहिला, तर पावणेनऊ शतकांपूर्वी भास्कराचार्यांच्या ग्रंथात आलेले 'व्यवहार' हे नाव सार्थ झाले, असे खुशाल म्हणता येईल.